नकल्याची नोंद

पुण्यात जुलै लागला की सज्जन माणसांना खड्डे खणायची हुक्की येते. रस्त्यातले खड्डे बुजवायची हुक्की कोणालाच येत नाही, तो भाग निराळा. पाच दिवसांपूर्वी आमच्या निसर्गप्रेमींच्या फोनवरच्या गटावर निरोप आला : येत्या रविवारी सकाळी साडेसहाला वाघोलीच्या पुढच्या माळावर वृक्षारोपण आहे, सर्वांनी टोपी, पाण्याची बाटली आणि उत्साह घेऊन यावं. खाली हिरव्या पानांची ओळच्या ओळ. मी वाचलं आणि फोन पालथा घातला.

"यंदाही नाही का जायचं?" बायकोने विचारलं.

"गुडघा दुखतोय."

"सात वर्षं झाली, दर जुलैतच दुखतो," ती म्हणाली आणि पुन्हा मेथी निवडायला लागली.

गुडघा ठणठणीत आहे. रोज सकाळी विश्रांतवाडीतल्या घरून निघतो, धानोरीच्या अंगाची टेकडी चढतो आणि उतरतो. वाटेत वयाने धाकट्या माणसांना मागे टाकतो आणि त्याचा मला थोडा गर्वही आहे. दुखतं ते दुसरंच. मला लाज वाटते, आणि इतकी वर्षं ती मी गुडघ्याच्या नावावर खपवत आलो आहे.

गटाच्या निरोपानंतर दुसऱ्याच दिवशी प्राचीचा निरोप आला. प्राची गजभिये सात वर्षांपूर्वी वाघोलीच्या एका कॉलेजात शिकत होती आणि आमच्याबरोबर पक्षी बघायला यायची. आता ती गवताळ माळांवरच्या पक्ष्यांचाच अभ्यास करते. तिने लिहिलं होतं : "सर, रविवारी जिथे प्लांटेशन आहे तो माळ आपण तेव्हा झाडं लावली त्याला लागूनच आहे. तिथे तांबूस चंडोल आहे, मी स्वतः पाहिलाय. पण गटातले म्हणतात, काकांच्या यादीत हा पक्षीच नाही, म्हणजे तो इथला नाही, चुकून आला असेल. तुमच्या वहीत जुनी नोंद असली तर प्लीज पाठवाल का? शुक्रवारपर्यंत मिळाली तर थांबवता येईल."

यादीतले काका म्हणजे मी. आणि वहीत नोंद नाही. का नाही, हे जगात एकट्या मलाच ठाऊक आहे.

चंडोल तसे पुष्कळ प्रकारचे, पण डोक्यावर तुरा मिरवणारे आणि एकमेकांच्या नावावर सहज खपून जाणारे आमच्याकडे दोन. सख्खे नसले तरी चुलत भाऊ खास. पहिला मलबारी चंडोल. हा पश्चिमेकडचा, घाटाच्या बाजूचा, आणि आमच्या पुण्याच्या टेकड्यांवरचाही. रंग मातकट, छातीवर काळपट रेघा ठळक, शाईचं पेन झटकल्यासारख्या. टेकडीवर फिरायला येणाऱ्या माणसांची त्याला सवय झालेली असते. हातवारे करत राजकारण बोलणारे चार निवृत्त अधिकारी दहा पावलांवर आले तरी हा दगडावरून हलत नाही. अगदीच वाद वाढला तर थोडं पलीकडे जाऊन बसतो.

दुसरा तांबूस चंडोल. हा आतल्या कोरड्या मुलखाचा. विदर्भात, मराठवाड्यात, आणि पुण्याच्या पूर्वेला पाऊस जिथे हात आखडता घेतो तिथून पुढे. अंग लालसर मातीच्या रंगाचं, छातीवर रेघा थोड्या आणि बारीक, पोट अगदी कोरं. त्याला झाडी नको, हिरवळ नको. मुरमाड जमीन, मधूनमधून दगड आणि घोट्याएवढं गवत, बस्स. त्या गवताच्या झुबक्याआड जमिनीतच वाटीएवढा खळगा करून त्यात तो घरटं करतो, आणि ते करतो नेमकं पावसाळ्यात, म्हणजे आम्ही कुदळी घेऊन निघतो तेव्हा.

जगातल्या सगळ्या पक्ष्यांची एक यादी असते. कोण संपत आला, कोण धोक्यात आहे आणि कोणाची चिंता करायचं कारण नाही, असे तिच्यात कप्पे पाडलेले असतात. हे दोघंही भारताबाहेर कुठे राहत नाहीत, आणि दोघंही शेवटच्या, बिनचिंतेच्या कप्प्यात आहेत. यादी खोटी नाही. सगळा मुलूख हिशेबात धरला तर दोघंही बऱ्यापैकी आहेत. पण यादी सगळ्या मुलखाची असते आणि घरटं एकाच माळावर असतं, हे मला कळायला फार उशीर लागला. मलबारीचं त्यातल्या त्यात बरं चाललं आहे, कारण पुणेकरांनी टेकड्यांसाठी सभा घेतल्या, पत्रं लिहिली, सकाळच्या चालण्याच्या हक्कासाठी का होईना पण भांडण केलं. तांबूस चंडोल ज्या जमिनीवर राहतो तिला आम्ही पडीक म्हणतो. पडीक जमिनीसाठी पत्र कोण लिहिणार? तिथे एक तर इमारती येतात, नाहीतर आमच्यासारखी भली माणसं पोचतात.

मी जन्मभर सरकारी कचेरीत नकाशे काढले. नकाशात विहिरीला खूण असते, देवळाला असते, ओढ्याला असते, एकट्या आंब्याच्या झाडालासुद्धा असते. माळाला काही नसतं. तिथे कागद कोरा सोडायचा असतो. तीस वर्षं कोरा कागद सोडून सोडून माझ्या नजरेलाही तीच सवय लागली असावी, असं मी हल्ली स्वतःला समजावतो. समजूत पटत नाही, कारण मी पक्षी बघणारा माणूस होतो. दुर्बीण गळ्यात घालून फिरत होतो आणि लोक मला विचारत होते.

सात वर्षांपूर्वीचा तो जुलै मात्र डोळ्यांसमोरून हलत नाही. नगर रस्ता सोडून आत वळलं की आधी गाड्यांचा आवाज मागे पडायचा, मग इमारतींच्या पाट्या, मग दोन दगडखाणी, आणि एकदम तो माळ सुरू व्हायचा. पाऊस म्हणजे नुसती भुरभुर. गवताला नुकते तुरे फुटायला लागलेले, त्यांच्यात पाणी अडकलेलं, चालताना विजारीचे पाय गुडघ्यापर्यंत भिजायचे. जुनी, वाळकी कुसळं मोज्यात शिरायची आणि घरी आल्यावर बायको ती एकेक काढत माझा उद्धार करायची. मृगाचे लाल किडे मखमलीसारखे गवताखालून चालत असायचे. वास ओल्या मुरमाचा, शेळ्यांचा, आणि कुठूनतरी तरवडाच्या फुलांचा. आणि डोक्यावर, दिसणार नाही इतक्या उंच, एक पक्षी थांबून थांबून गात असायचा. आम्ही म्हणायचो, "चंडोल गातोय." कोणता, असं कोणी विचारत नव्हतं.

विचारलं ते प्राचीने. लागवडीच्या आधीच्या मंगळवारी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये बैठक होती. चाळीसेक माणसं, वेफर्स, चहा. मी पूर्वपाहणीची यादी वाचून दाखवत होतो. चंडोलाशी आलो आणि म्हणालो, "मलबारी चंडोल. टेकडीवर आहे तोच. जगाच्या यादीत त्याची चिंता नाही, तेव्हा आपणही करू नये."

मागच्या रांगेतून ती उठली. "सर, मला वाटतं तो मलबारी नाहीये. चेस्टवर स्ट्रीक्स फारच कमी आहेत. आणि पोट प्लेन आहे. तांबूस चंडोल असेल. आमच्या गावाकडे असाच आहे, मी लहानपणापासून बघते."

"गाव कुठलं आपलं?"

"वर्ध्याजवळ, सर."

"मग बरोबर. तुमच्याकडे असेल तो," मी म्हणालो. "पुण्यात आम्ही अजून मलबारीवरच भागवतो."

हॉल हसला. पुण्यात असं वाक्य योग्य ठिकाणी पडलं की माणसाला दोन दिवस जेवण गोड लागतं. मलाही लागलं. ती खाली बसली आणि वहीत काहीतरी लिहीत राहिली. तिचे वडील कारखान्यात काम करायला वर्ध्याहून आले होते, घरात पुस्तकांना फार मान होता, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मला एवढंच कळलं होतं की एक पोरगी चाळीस माणसांसमोर मला पक्षी शिकवते आहे, आणि तीही तिकडची. हे 'तिकडची' मी तोंडाने बोललो नाही. पण हॉल त्यालाच हसला होता आणि ते मला माहीत होतं.

तरी तिचं वाक्य टोचत राहिलं. म्हणून शनिवारी सकाळी मी कोणाला न सांगता एकटाच माळावर गेलो. ती चुकली आहे याची खात्री करून घ्यायची, एवढाच उद्देश. माळभर चुन्याच्या फक्कीचे पांढरे गोल पडले होते, उद्याच्या खड्ड्यांच्या खुणा, सरळ रांगेत. मी नकाशेवाला, ती रांग मीच आखून दिली होती. एका दगडावर पक्षी बसला होता. दुर्बीण लावली. छाती जवळजवळ कोरी. पोट तांबूस, एक रेघ नाही. मी दुर्बीण पुसली आणि परत लावली. दुर्बिणीचा काही दोष नव्हता.

मग तो गायला लागला. आधी टिटवी. मी वळून पाहिलं, टिटवी कुठेच नव्हती. मग वेडा राघू, मग खाटीक, मग पुन्हा टिटवी, आणि मधूनमधून स्वतःचा एक बारीक गोड सूर. तो एकाच चोचीतून सगळा माळ बोलत होता.

"काय हुडकताय, दादा?" मागून आवाज आला. हौसाबाई तिथल्याच वस्तीवरच्या, वीसेक शेळ्या घेऊन रोज माळावर असायच्या. आम्हाला लांबून बघायच्या, पण बोलायची वेळ कधी आली नव्हती. बोलायला आम्हीच कधी गेलो नव्हतो.

"हा पक्षी बघतोय. चंडोल."

"त्यो व्हय? त्यो नकल्या हाय," त्या म्हणाल्या. "समद्यांची नक्कल करतो. टिटवी वरडली म्हनून शेरडं बुजत्यात, बगावं तर ह्यो."

"आणि दुसरा नाही का एक, असाच, तुरेवाला?"

"त्यो येगळा. त्याच्या छातीवर काळं काळं जास्ती. त्यो तिकडं डोंगराच्या अंगाला. हितं न्हाई त्यो ऱ्हात." एवढं सांगून त्यांनी शेळीला हाकललं. मी वीस वर्षं पुस्तकं वाचून जे ओळखलं नव्हतं ते त्यांनी शेळीकडे बघत सांगून टाकलं.

थोडं थांबून त्या म्हणाल्या, "उद्या झाडं लावनार म्हनं तुमी. कुंपन बी घालनार. ओसाड हाय म्हनत्यात. ओसाड कुटं हाय? गवात हाय की."

मी काहीतरी बोललो असेन. सावली, पाऊस, पुढची पिढी, असलंच काही. त्या ऐकून घेत होत्या. मग त्यांनी काठीने एक झुबका दाखवला. "तितं हाय बगा त्याचं. पाय नका दिऊ." मी वाकलो. गवताच्या आडोशाला ओली वाटी, तिच्यात दोन अंडी, करड्या ठिपक्यांची. फक्कीचा पांढरा गोल तिथून दोन हातांवर होता.

मी काय करायला हवं होतं ते शाळेतलं मूल सांगेल. खिशात फोन होता. "मी चुकलो, माळ पडीक नाही, पक्षी दुसरा आहे, सध्या थांबू या," एवढं म्हणायचं होतं. पण रोपं आली होती, टोप्या छापल्या होत्या, पाहुणे ठरले होते, आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे मंगळवारी हॉल हसला होता. त्या हशानंतर मागे कसं यायचं, हे मला कळेना. मी बुटाने तो गोल पुसला आणि हातभर पलीकडे फक्की सारली. आयुष्यात माझी रेघ कधी वाकडी गेली नव्हती. ती एकच गेली, आणि मी तिच्यावर समाधान मानलं. वहीत त्या दिवसाचं पान मी कोरं ठेवलं.

रविवारी दीडशे माणसं आली. गाणी, घोषणा, फोटो. मी त्या झुबक्याजवळ उभा राहिलो होतो, राखण केल्यासारखा, कोणाला काही न सांगता. तेवढ्यात प्राची आली. हातात कुदळ, टोपी जरा मोठी होत होती.

"सर, सॉरी," ती म्हणाली. "त्या दिवशी मी उगाच बोलले सगळ्यांसमोर. घरी जाऊन फोटो परत पाहिले. एकदोन फोटोंत रेघा दिसतात तशा. मलबारीच असेल. तुम्ही इतकी वर्षं बघताय."

आता सांगता आलं असतं. तिने स्वतः दार उघडून दिलं होतं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "होतं असं सुरुवातीला. नजर बसेल हळूहळू."

ती हसली. बरं वाटल्यासारखी हसली. मग पाहुण्यांनी मला फोटोसाठी हाक मारली. मी गेलो, पाचच मिनिटं. परत आलो तेव्हा शेजारचा खड्डा खणून झाला होता आणि त्यातला मुरूम खणणाऱ्याने सोयीच्या बाजूला ओढला होता. झुबका त्याच्याखाली गेला होता. मी हाताने मुरूम बाजूला करायला लागलो तर एक सद्गृहस्थ म्हणाले, "काका, राहू द्या हो, आम्ही तरुण कशाला आहोत?" मी राहू दिलं.

झाडं छान लागली. आमची माणसं मेहनती, उन्हाळाभर कॅन घेऊन जायची. आज तिथे डोक्याच्या वर सावली आहे. बुलबुल आले, शिंपी आला, कोकीळ ओरडतो. गटावर दर वर्षी कोणीतरी लिहितं की पक्षी वाढले. वाढले खरेच. नकल्या दिसला नाही. हौसाबाईंनी दोन वर्षांनी शेळ्या विकल्या आणि त्या मुलाकडे राहायला गेल्या, असं वस्तीवर कळलं. मी एकदाच गेलो होतो, नंतर गुडघा दुखायला लागला.

टेकडीवरचा मलबारी अजून गातो. रोज सकाळी ऐकतो आणि रोज अपराधी वाटतं. त्या बिचाऱ्याचा काय दोष? त्याच्या नावावर मी दुसऱ्याला नाहीसा केला, हे त्याला कुठे माहीत आहे. पण त्याचं गाणं मला पूर्वीसारखं ऐकता येत नाही. तो गायला लागला की मी चालण्याचा वेग वाढवतो आणि लोकांना वाटतं, काकांची तब्येत उत्तम.

तीन दिवस मी प्राचीच्या निरोपाभोवती घिरट्या घातल्या. काल दुपारी कागद घेतला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं की वाघोलीपुढच्या त्या माळावर तांबूस चंडोल होता, माझ्या यादीतली मलबारी ही ओळख चुकीची आहे, ती दुरुस्त समजावी. फोटो काढून पाठवला. पाठवल्यावर हलकं वाटलं. म्हातारा माणूस, चूक पदरात घेतली, मोठेपणाच झाला की, असंही मनात येऊन गेलं. माझं मन असल्या बाबतीत फार तरबेज आहे.

दहा मिनिटांत तिचा फोन आला. आवाजात खराखुरा आनंद होता. "सर, थँक यू! याचा खूप उपयोग होईल. फक्त एक राहिलंय. कधी ओळखलात ते लिहाल का? तारीख नसेल आठवत तर नुसतं लागवडीच्या आधी की नंतर. नाहीतर ते म्हणतील, काकांना आता सात वर्षांनी आठवलं. आधी घरटं पाहिलं असेल तर मग प्रश्नच मिटला, त्यांना मानावंच लागेल."

म्हणजे गोष्ट एका शब्दावर येऊन थांबली. 'नंतर' लिहिलं तर मी एक चुकलेला, पण सरळ माणूस ठरत होतो, आणि माळाला त्याचा फारसा उपयोग नव्हता. 'आधी' लिहिलं तर माळाला उपयोग होता. समोर बायको बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पंखा मोठा केला.

"प्राची," मी म्हणालो, "लिहून घे. शनिवारी सकाळी. लागवडीच्या आदल्या दिवशी. घरट्यात दोन अंडी होती."

पलीकडे लिहिण्याचा आवाज आला, मग थांबला. रविवारी ती काय बोलली होती आणि मी काय बोललो होतो, ते तिला आठवेपर्यंत मी फोन कानाला धरून ठेवला.

"सर," ती शेवटी म्हणाली, "त्या रविवारनंतर दोन वर्षं मी चंडोल बघितला की नाव लिहायची नाही. नजर बसली नाही अजून, असं वाटायचं."

"हो," मी म्हणालो. मग म्हणालो, "माझं चुकलं." सात वर्षांत पहिल्यांदा म्हणालो आणि ते फार लहान ऐकू आलं.

"शनिवार लिहून, खाली सही करून परत पाठवा," ती म्हणाली. "आज पाठवा, सर. रविवार जवळ आलाय."